बियाणं राखणारीचं नाव कुठे?

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या एका गावात बचतगटाची बैठक होती. विषय कर्जाचा, पण बोलणं बियाण्यावर गेलं. साठीच्या एक मावशी म्हणाल्या, "मळणीआधी मी कणसं निवडून बाजूला ठेवते. पावसानं ओढ दिली तरी जे भरलं, तेच बियाण्याला." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही शेतकरीच की!" त्या हसल्या. "शेतकरी आमचे मालक. सातबारा त्यांच्या नावावर. मी आपली राबते."

मावशी बाजरीबद्दल बोलत होत्या. 2017 मध्ये हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि अनेक देशांतले शास्त्रज्ञ यांनी याच बाजरीचा जनुकक्रम प्रसिद्ध केला. तिच्यात सुमारे 38,500 जनुकं आढळली. पारा 42 अंशांच्या वर गेला तरी हे पीक तग धरतं. मेणाचा थर तयार करणारी जनुकं तिच्यात इतर धान्यांपेक्षा जास्त आहेत, आणि ऊन-दुष्काळ सोसण्यात त्यांचा वाटा असावा, असं शास्त्रज्ञ सांगतात.

माझा या संशोधनाला विरोध नाही. दुष्काळात पाण्याचा हंडा बाईच्याच डोक्यावर येतो. टिकणारं वाण तिलाच आधी हवंय. माझा प्रश्न श्रेयाचा आणि वाट्याचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात बाजरी लागवडीखाली आली, त्याला चार हजारांहून अधिक वर्षं झाली. इतकी वर्षं कणसं निवडणारे हात कुणाचे होते? आता जनुकक्रम संगणकावर आला, की बियाण्याची मूठ न मागताही कंपनीला त्याचा उपयोग करता येतो.

अशा माहितीतून नफा कमावणाऱ्यांनी वाटा द्यावा म्हणून 2025 मध्ये 'काली निधी' सुरू झाला. किमान निम्मी रक्कम आदिवासी आणि स्थानिक समूहांसाठी आहे. पण पैसे भरणं कंपन्यांच्या मर्जीवर! आणि 'समूह' म्हटलं की सहीला पुढे कोण येतं, हे आपण जाणतोच.

आपल्या हाती एक हत्यार मात्र आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001. पारंपरिक वाण जतन करणारी, गुण ओळखून निवड करणारी व्यक्तीही या कायद्याने शेतकरी ठरते. त्यासाठी सातबारा लागत नाही! अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 ची पद्मश्री मिळाली. पण एका राहीबाईंच्या सन्मानाने बाकीच्या बायांची नोंद होत नाही.

म्हणून गटागटांत हे काम घेऊ या. गावात कोणतं वाण कोणत्या बाईने राखलंय, ते तिच्या नावानिशी लिहू या. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत ते चढवायला लावू या. वाणाच्या नोंदणीचा अर्ज जाईल तेव्हा त्यावर तिचीही सही हवी.

पुढच्या बैठकीला मी कायद्याची प्रत घेऊन जाणार आहे. 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवायची आहे.