घोडा परत आलाय म्हणे! पण ट्रेनरच्या शब्दावर पैसे लावायचे का?



व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकावा लागला. बरंच राहून गेलं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

"आता एकदम फिट आहे बघा, काळजीच करू नका." हे वाक्य आपल्या तालुक्यातल्या लोकांना नवं नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू झाली की घोडेबाजारात ते सकाळ-संध्याकाळ ऐकू येतं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हेच वाक्य तबेल्यातून बाहेर येतं, फक्त बोलणारा ट्रेनर असतो आणि ऐकणाऱ्याच्या हातात रेस कार्ड असतं. घोडा सहा महिने, वर्षभर पळालेला नसतो. पाय दुखावलेला, श्वासाचा त्रास झालेला, नाहीतर ऑपरेशन झालेलं. आता तो परत आलाय आणि ज्याच्याकडं तो आहे, तो माणूस सांगतोय की सगळं ठीक आहे.

विश्वास ठेवायचा का? माझं मत आधीच सांगून टाकतो. "ट्रेनर प्रामाणिक आहे का?" या प्रश्नाचं उत्तर शोधत बसू नका. ते तुम्हाला कधीच मिळणार नाही आणि मिळालं तरी त्याचा उपयोग थोडाच. ट्रेनर काय बोलतो ते बाजूला ठेवा, तो घोड्याला कुठं उतरवतो आणि किती दिवसांनी परत उतरवतो ते बघा. हे मी हवेत बोलत नाही. दोन घोड्यांच्या गोष्टी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

दोन घोडे, दोन ट्रेनर

पहिला इंग्लंडचा स्प्रिंटर साक्रे. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या मोठ्या शर्यती याने सलग 10 जिंकल्या होत्या. डिसेंबर 2013 मध्ये केम्प्टनच्या मैदानावर जॉकीला त्याला मध्येच थांबवावं लागलं. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. वर्षाहून जास्त काळ घोडा बाहेर. जानेवारी 2015 मध्ये परत आला, दुसरा आला. लोक खूश. मार्चमध्ये परत मध्येच थांबवला. लोक म्हणाले, संपला. एप्रिलमध्ये पुन्हा दुसरा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जिंकला, डिसेंबरात जिंकला आणि मार्च 2016 मध्ये चेल्टनहॅमची क्वीन मदर चॅम्पियन चेस, म्हणजे त्याच्या प्रकारातली सगळ्यात मोठी शर्यत, वयाच्या दहाव्या वर्षी परत जिंकली.

दुसरा अमेरिकेचा सीबिस्किट. याच्यावर सिनेमाही निघाला, त्यामुळे नाव ऐकलं असेल. फेब्रुवारी 1939 मध्ये त्याच्या पायाचा लिगामेंट फाटला. साधारण वर्षभराने परत आला. पहिल्या शर्यतीत तिसरा, दुसरीत मागे, तिसरी जिंकली आणि 2 मार्च 1940 ला सांता अनिता हँडिकॅप जिंकून निवृत्त झाला. ही शर्यत त्याला आधी दोनदा थोडक्यात हुकली होती.

आता ट्रेनर बघा. स्प्रिंटर साक्रेचे ट्रेनर निकी हेंडरसन. याच हेंडरसनना 2009 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या मालकीच्या एका घोडीला बंदी असलेलं औषध दिल्याबद्दल 40,000 पौंड दंड आणि तीन महिन्यांची बंदी झाली होती. सीबिस्किटचे ट्रेनर टॉम स्मिथ. त्यांच्यावर 1945 मध्ये घोड्याच्या नाकात औषध फवारल्याच्या प्रकरणात वर्षभराची बंदी आली. ती शिक्षा योग्य होती का यावर पुढं बराच वाद झाला, पण झाली हे खरं.

म्हणजे घोड्यांच्या इतिहासातली दोन गाजलेली पुनरागमनं ज्यांनी घडवली, त्या दोघांच्याही नावावर शिक्षा आहे. "डाग लागलेल्या ट्रेनरवर विश्वास नाही" म्हणून बसलेला माणूस दोन्ही वेळा चुकला असता.

उलट बाजूही ऐका. जेसन सर्व्हिस नावाच्या अमेरिकन ट्रेनरचा मॅक्झिमम सिक्युरिटी हा घोडा 29 फेब्रुवारी 2020 ला पहिल्याच सौदी कपमध्ये सगळ्यांच्या पुढं आला. जगातली सगळ्यात जास्त बक्षिसाची शर्यत. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोवर घोड्यांना बेकायदा औषधं दिल्याच्या प्रकरणात सर्व्हिसवर गुन्हा दाखल झाला आणि 2023 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. जिंकतोय म्हणून डोळे झाकून विश्वास टाकणारेही चुकले.

तर माणसाच्या नावावरून निकाल लागत नाही. मग कशावरून लागतो?

ट्रेनर तुमच्याशी खोटं बोलतो का?

बहुतेक वेळा नाही. पण त्याचा धंदा समजून घ्या. मालक त्याला घोडा सांभाळायची महिन्याची फी देतो आणि घोडा जिंकला तर बक्षिसात वाटा असतो. मालकाचा जीव घोड्यात अडकलेला असतो. "साहेब, याचं काही खरं नाही, घरी न्या" असं जो ट्रेनर सांगेल, त्याच्या तबेल्यातलं एक गिऱ्हाईक कमी होतं. त्यामुळे त्याच्या बोलण्यात आशेचं पाणी थोडं जास्त असणारच. दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणतो का कधी?

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. आपल्याकडं मुंबई-पुण्याच्या बऱ्याच शर्यती हँडिकॅप असतात. घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं, रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त. घोडा वाईट पळत राहिला की रेटिंग उतरतं आणि तो खालच्या वर्गात, हलक्या वजनावर पळू शकतो. इथंच मोह आहे. मोठ्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या एक-दोन शर्यती "व्यायामाला" पळवायच्या, रेटिंग उतरवायचं आणि मग एके दिवशी खरा जोर लावायचा. प्रत्येक घोडा पूर्ण ताकदीने पळवलाच पाहिजे, असा नियम आहे. घोड्याच्या पळण्यात अचानक फरक पडला तर स्टुअर्ड मंडळी चौकशीही करतात. पण "अजून पूर्ण तयार नव्हता" आणि "मुद्दाम रोखला" यातली रेघ फार बारीक आहे.

या खेळात लबाडी शक्य आहे, पण अक्कलही लागते. सुप्रीम कोर्टाने 1996 च्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, ते उगाच नाही. ते कौशल्य म्हणजे नोंदी वाचणं. याचा अर्थ पैसे लावा असा काढू नका हं. दुकानाच्या गल्ल्यातून रेसकोर्सला पैसे नेणारा माणूस कितीही हुशार असला तरी मी त्याला उधारी देणार नाही.

मग बघायचं काय?

*एक : का बाहेर होता आणि किती दिवस.* "विश्रांती दिली होती" हे उत्तर नाही. पायाची शीर दुखावली असेल तर ती भरायला महिनोन्‌महिने लागतात आणि तिथंच परत दुखावण्याची भीती राहते. कारण सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या बाकीच्या बोलण्याची किंमत निम्मी करा.

*दोन : कुठं उतरवला.* ट्रेनरचं खरं मत इथं दिसतं. तोंडाने "पहिल्यासारखा झालाय" म्हणतो, पण घोडा जिथं आधी जिंकायचा त्याच्या दोन वर्ग खाली, कमी अंतराच्या शर्यतीत टाकलाय. याचा अर्थ त्यालाच खात्री नाही. त्यात वाईट काही नाही, उलट हळूहळू आणणारा ट्रेनर शहाणा. पण मग तुम्हीही हिशोब त्याच पातळीचा करा.

*तीन : सकाळच्या सरावाची वेळ, पण जपून.* मुंबई-पुण्याच्या घोड्यांचे सकाळचे गॅलप इंग्रजी पेपरात छापून येतात. 600 मीटर 38 सेकंदांत, आरामात पळाला की जॉकीने रेटला, एवढं त्यात असतं. आरामात आलेली बरी वेळ ही रेटून काढलेल्या चांगल्या वेळेपेक्षा मोलाची. पण त्यावरच विसंबू नका. टॉम स्मिथ तर सीबिस्किटचा सराव रात्री घ्यायचा आणि घड्याळ लावून बसलेल्या लोकांसमोर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा घोडा काढायचा!

*चार : दुसरी शर्यत.* माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच. पहिल्या शर्यतीत ताजातवाना घोडा जीव तोडून पळू शकतो. दुखणं कळतं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या शर्यतीनंतर तीन-चार आठवड्यांत घोडा परत मैदानात दिसला आणि तेवढाच किंवा जास्त चांगला पळाला, तर तो खरंच परत आला. पहिल्यांदा चमकला आणि मग दोन-तीन महिने नावच नाही, तर समजून घ्या. स्प्रिंटर साक्रेही जानेवारीत चमकला, मार्चमध्ये थांबला. खरा परत आला नोव्हेंबरात. पुनरागमनाला एक दिवस नसतो, हंगाम लागतो.

माळेगावच्या बाजारात रेस कार्ड नसतं

आपल्याकडं हे कागद मिळत नाहीत. इथं भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात, दात बघून वय काढतात, रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. भोवऱ्यावर श्रद्धा असेल तर जरूर बघा, पण भोवरा पाय दुखतो का ते सांगत नाही.

पाय बघायची साधी पद्धत आहे. विकणारा घोडा सारखा फिरवत, नाचवत ठेवतो, कारण अंग गरम झालं की बारीक लंगडेपणा लपतो. म्हणून तासभर घोडा नुसता उभा राहू द्या. चहा प्या, गप्पा मारा. मग कडक जमिनीवर सरळ रेषेत आधी चालवायला आणि मग दुडकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडं मान वर उचलतं. दोन्ही पुढच्या पायांच्या मागच्या शिरांवरून हात फिरवा. एक गरम, एक थंड लागली किंवा एक जाड वाटली, तर थांबा. आणि मोठी रक्कम असेल तर जनावरांच्या डॉक्टरला सोबत न्या. त्याची फी घोड्याच्या किमतीपुढं काहीच नाही. "आत्ताच घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून जो तासभर थांबू देत नाही, त्याने उत्तर देऊन टाकलं समजा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. यात सगळ्यात जास्त पणाला लागतो तो घोडा. आपले पैसे जातील, पण अर्धवट बऱ्या पायावर पळवलेलं जनावर मैदानातच पाय मोडून घेऊ शकतं आणि त्याला "आज नको" म्हणता येत नाही. त्याच्या वतीने "आज नको" म्हणणं हे ट्रेनरचं काम. म्हणून ऐनवेळी घोडा शर्यतीतून काढून घेणारा ट्रेनर लोकांच्या शिव्या खातो, पण माझ्या हिशोबात त्याची पत वाढते.

आता आपल्या दुकानाचं

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला घोडा घ्यायचा नाही, हे आम्हाला कशाला? थांबा. बंद पडलेलं दुकान दोन वर्षांनी परत उघडणारा माणूस तुमच्याकडं माल मागायला येतोच की. सोबत सेल्समन असतो, तो म्हणतो, "पार्टी आता एकदम चांगली आहे." हा सेल्समन म्हणजे ट्रेनर. वाईट माणूस नाही, पण त्याला टार्गेट आहे.

मग तेच चार प्रश्न. दुकान का बंद पडलं होतं, आजारपण, भांडण की उधारी? पहिली ऑर्डर त्याच्या ताकदीएवढी आहे की पूर्वीच्या रुबाबाएवढी? नवा बोर्ड, नवी लायटिंग हा सकाळचा सराव झाला, तो बघा पण त्यावर भुलू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरं पेमेंट. पहिलं पेमेंट वेळेवर सगळेच देतात. दुसरं आणि तिसरं ज्याचं वेळेवर येतं, त्याची मर्यादा बिनधास्त वाढवा.

पण दार बंद करू नका. परत येणाऱ्याला लहान शर्यत तरी पळू द्या. थोडा माल, थोडे दिवस, हिशोब लेखी. आपल्या भागात दुष्काळ, अतिवृष्टी, सोयाबीनचा भाव यांनी भलीभली माणसं खाली बसवलीत. उद्या परत उभं राहण्याची वेळ आपलीही असू शकते.

आणि हो, ट्रेनर मीही आहे, फक्त घोड्यांचा नाही. मलाही हीच फूटपट्टी लावा. माझं भाषण किती जोरदार झालं हे सोडा. मी सांगितलेली एखादी गोष्ट तुमच्या दुकानात दुसऱ्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात टिकली का, ते वहीत बघा. टिकली तर पुढचं ऐका. नाही टिकली तर मला तोंडावर विचारा.

येळकोट येळकोट जय मल्हार! भेटू पुढच्या व्हिडिओत.