कमरपट्टा कोणाच्या नावावर?

सोनेतारण कर्जाच्या खिडकीमागे माझी बावीस वर्षं गेली. बाईच्या हातातल्या पाटल्या निघतात, काट्यावर चढतात आणि अर्जावर सही नवऱ्याची होते, हे रोज पाहत आले. म्हणूनच प्राचीन इराणच्या राण्यांबद्दल ‘भरजरी वस्त्रं आणि रत्नजडित दागिने’ एवढंच वाचायला मिळालं की मला ते अपुरं वाटतं.

दागिने होतेच. १९०१ साली इराणमधल्या सुसा इथल्या फ्रेंच उत्खननात ब्राँझची शवपेटी सापडली. सांगाड्याच्या गळ्यात आपल्या सरीसारखा सोन्याचा कंठा, त्याच्या दोन्ही टोकांना सिंहमुखं. जोडीला कडी आणि मोत्यांची माळ. शस्त्र एकही नव्हतं, म्हणून ती कुलीन स्त्री असावी असं मानतात. हे दागिने आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. वेशाची कल्पना सायबेरियातल्या पाझिरिकच्या बर्फाळ थडग्यात टिकलेल्या एका पर्शियन शैलीच्या कापडावरून येते. मुकुटावरून पाठीवर ओढणी सोडलेल्या स्त्रिया त्यावर धूपपात्रासमोर उभ्या आहेत.

पण ही ओढणी कोणत्या पैशातून येई? ग्रीक लेखक झेनोफन ज्या गावांत मुक्काम केल्याचं लिहितो, ती पर्शियाची राजमाता परिसातिसला कमरपट्ट्यासाठी लावून दिलेली होती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तमधल्या अँथिला नगराबद्दल सांगतो: पर्शियन अमलात त्याचं उत्पन्न तिथल्या शासकाच्या पत्नीच्या जोड्यांसाठी राखलेलं असे. आपल्याकडची चोळीबांगडीची इनामं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको. नाव कमरपट्ट्याचं असलं, तरी हातात येई तो गावाचा वसूल.

हा वसूल बाईच्या हुकमाने खर्च होई का? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर पर्शियन राजधानी पर्सेपोलिसच्या मातीच्या पाट्यांत मिळतं. १९३३ साली पुरातत्त्वज्ञ हर्झफेल्ड यांच्या उत्खननात त्या हजारोंनी सापडल्या. पर्शियन सम्राट सायरसची मुलगी आणि सम्राट दरायसची राणी इर्तश्दुना त्यांत वारंवार भेटते. तिच्यासाठी १०० मेंढ्या द्याव्यात, असा राजाचा हुकूम आहे. तिची स्वतःची पत्रंही आहेत: माझ्या जमिनीतल्या साठ्यातून अमक्याला इतकी वाइन द्या. खाली शिक्का तिचाच. राजघराण्यातली इर्दबामा तर शेकडो मजुरांचं धान्य सांभाळत होती.

हे सगळं राजघराण्यातलं. सामान्य इराणी बाईला एवढं मिळत होतं असं मी म्हणणार नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वी एका बाईचा शिक्का चालत होता, तर आज आमच्या खिडकीवर पाटल्यांच्या मालकिणीने बाकावर बसून का राहावं? सोनेतारणाच्या प्रत्येक अर्जावर, दागिना जिचा तिची सही सक्तीची करा आणि पावतीवर तिचं नाव घाला. खिडकीमागच्या माणसाने एवढं तरी विचारावं, ‘ताई, हे तुमचं ना? तुमची इच्छा आहे ना?’ मी विचारत आले. काही जणींनी पाटल्या परत हातात चढवल्या.

दरायसने इर्तश्दुना राणीची सोन्याची मूर्ती घडवून घेतली होती, असं हेरोडोटस लिहितो. ती मूर्ती आज कुठेही नाही. मातीवर उमटलेला तिचा शिक्का मात्र अजून पाहता येतो.