येते म्हणाली आणि गेली!

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. शेजारच्या काकू तुमच्याकडे येतात, अर्धा तास गप्पा मारतात, चहा घेतात आणि मग उठून म्हणतात, "बराय, येते हं!" सांगा पाहू, काकू आल्या की गेल्या?

हसलात ना? पण पुण्यात माझ्या बहिणीकडे राहायला आलेली एक अमेरिकन मुलगी नेमकी याच कोड्यात अडकली. काकू 'येते' म्हणाल्या, म्हणजे आत्ता परत येणार, असं समजून बिचारी दार उघडं ठेवून कितीतरी वेळ बसली होती! माझी भाची कॉलेजातून आली, तेव्हा कुठं उलगडा झाला. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आजी रागावते, एवढंच आठवतं.

ही मुलगी एका सत्रासाठी, म्हणजे चारेक महिन्यांसाठी, मराठी शिकायला आली होती. मराठी शिकायला अमेरिकेतून? होय तर! १९६९ साली अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांनी मिळून पुण्यात असा अभ्यासक्रम सुरू केला होता. मुलं पुणेकरांच्या घरी राहायची, मराठी शिकायची. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, तेही त्यांतलंच एक. तेव्हा ही गोष्ट काही नवी नव्हे.

अशा पाहुण्यांना इथल्याच वयाचा एखादा सोबती जोडून देतात. आमच्या भाचीला हे काम मिळालं, तेव्हा स्वारी भलतीच खूश! आपलं इंग्रजी किती फर्डं आहे ते दाखवायची संधीच ती. शनिवारवाडा इंग्रजीत, मिसळ इंग्रजीत, रिक्षावाल्याशी भांडणसुद्धा पाहुणीच्या वतीनं हीच करणार. तीन आठवडे असे गेले. मग एक दिवस ती पाहुणी शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "मी इथे मराठी शिकायला आले. पण तू माझ्याकडून इंग्रजी शिकतेस."

भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे! (मला हे बहिणीनं सांगितलं. भाचीनं नाही.) त्या दिवसापासून करार झाला. घराबाहेर मराठी, रात्री अर्धा तास इंग्रजी. आणि रिक्षावाल्याशी जिचं तिनं बोलायचं.

मग खरी मजा सुरू झाली. मंडईत पाहुणीनं वहीत लिहून नेलेलं वाक्य टाकलं, "कोथिंबीर कशी दिली?" पिशवीत जुडी टाकत आजी म्हणाल्या, "हातानं दिली की!" आणि मग भाव सांगितला. घरी येऊन ती विचारते, 'चार' आणि 'चाळ' यांतला 'च' वेगळा का? लिहिताना तर एकच आहे! भाचीनं दोन्ही शब्द दहा वेळा म्हणून पाहिले. खरंच की! आयुष्यभर बोलतोय, पण कधी लक्षातच आलं नव्हतं. तुम्हीही आत्ता म्हणून पाहा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जरा', यांतला 'ज'सुद्धा तसाच. तिचा पुढचा प्रश्न होता, केळं 'ते', चिंच 'ती' आणि फणस 'तो', हे कुणी ठरवलं? या प्रश्नावर घरातली सगळी मोठी माणसं एकदम कामाला लागली.

पण सगळ्यांत कठीण जोडी निघाली 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत मात्र ऐकणारा त्यात धरलाय की नाही, ते लगेच कळतं. हे वर्गात शिकून आली त्याच संध्याकाळी भाची सहज बोलून गेली, "उद्या सकाळी आम्ही गणपती आणायला जाणार आहोत."

पाहुणीनं वही मिटली आणि विचारलं, "आम्ही, की आपण?"

घरात कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. तिला मुद्दाम वगळलं होतं असं नाही. तिचा विचारच कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी झांज तिच्या हातात होती. ताल पार चुकत होता, पण मूर्ती घरी येईपर्यंत तिनं झांज काही सोडली नाही.

सोबती असणं म्हणजे काय, याची एक खरी गोष्ट पुण्यातच घडलेली आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचं कामही पाहत. एका परदेशी मुलाला खिडकीतून एक मुलगी डबा देताना त्यांना दिसली. चौकशी केली, तर तो मुलगा होता मॉरिशसचा. त्याला कावीळ झाली होती आणि परक्या गावात दुसरं बघणारं कुणी नव्हतं. ते पाहूनच परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करायचं त्यांच्या मनानं घेतलं आणि १९७१ साली 'सिम्बायोसिस' उभी राहिली. नावही कसं वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना शोभणारं! दोन वेगळ्या जिवांनी एकमेकांच्या आधारानं जगणं, असा त्याचा अर्थ. दगडावर दगडफूल वाढतं ना, ते म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचं असंच सहजीवन.

आता एक गोष्ट माझी. सांगायला बरं वाटत नाही, तरी सांगतो. मी कॉलेजात असताना शेजारच्या खोलीत केनियाचा एक विद्यार्थी होता. आम्ही त्याच्या रंगावरून एक मराठी नाव पाडलं होतं. तो जिना उतरू लागला, की त्या नावानं हाक आणि हशा. कुणीतरी केसांना हात लावून पळायचं. त्याला काय कळतंय, असं आम्हांला वाटायचं. एकदा मी आजारी पडलो, तर हा दारात उभा. हातात पेजेचं भांडं. आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ऊठ. गरम आहे तोवर खा."

स्वच्छ मराठीत, दोस्तांनो! म्हणजे त्याला ते नाव पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी पेज प्यायलो. माफी मात्र मागितली नाही. लाज वाटली, म्हणून उद्यावर ढकललं. असे बरेच उद्या गेले, परीक्षा झाल्या आणि तो आपल्या देशी निघून गेला. त्या नावानं मी पुन्हा कधी हाक मारली नाही. पण हे त्याला कुठं ठाऊक?

असो. तुमच्या गल्लीत, बसमध्ये, आई-बाबांच्या ऑफिसात असा कुणी पाहुणा असेल, तर त्याला आधी मराठीतून नाव विचारून पाहा. काय उत्तर मिळालं ते मला पत्रानं कळवा. आणि हो, 'चार' आणि 'चाळ'सारख्या आणखी जोड्या सापडल्या तर त्याही पाठवा. भाचीला हव्या आहेत.

बराय, येतो हं! आता दार उघडं ठेवून बसू नका. पुढच्या आठवड्यातच येणार आहे.