चार भाषांतील समाधी, दोन भाषांतील मशीद आणि नंदुरबारची सीमा

१/७
स्पेनमधील सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो (कारकीर्द १२१७–१२५२) याची समाधी आहे. तिच्यावरील लेख लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी व हिब्रू अशा चार भाषांत आहे. मुस्लिम सत्ताधीशांकडून कोर्दोबा (१२३६) आणि सेव्हिल (१२४८) जिंकणारा तो हाच राजा.

२/७
नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे ज्या तापीकाठी वसले आहे, त्याच तापीच्या वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर आहे. तेथील जामा मशीद खानदेशचा फारुकी सुलतान राजा अली खान याने बांधली. तिच्यात अरबीसोबत संस्कृत लेखही आहे. शके १५११ (इ. स. १५९०) मधील हा लेख फारुकींची वंशावळ सांगतो.

३/७
असे लेख पाहून ‘सहिष्णुता’ हा शब्द चटकन ओठावर येतो. तो तपासून घ्यावा. सेव्हिल शरण आल्यावर तेथील मुस्लिम रहिवाशांना शहर सोडावे लागले. समाधीवर अरबी अक्षरे उमटली, तोवर ती वाचणारी बहुतेक घरे ओस पडली होती.

४/७
मग हा सारा काळ अखंड धर्मयुद्धाचा होता का? तेही खरे नव्हे. ग्रानाडाचा अमीर पहिला मुहम्मद याने १२४६ मध्ये फर्नांदोचे मांडलिकत्व पत्करले आणि सेव्हिलच्या वेढ्यात त्याचे सैन्य फर्नांदोच्या बाजूने उभे राहिले.

५/७
नंदुरबारचा इतिहासही हेच सांगतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याने सुलतानपूर-नंदुरबारवर चाल केली. गुजरातच्या जफर खानाने त्याला थाळनेरच्या किल्ल्यात कोंडले. दोन्ही पक्ष मुस्लिम होते. झगडा मुलखाचा आणि महसुलाचा होता.

६/७
मग दगडावर दुसऱ्याची भाषा कशासाठी? राज्य केवळ तलवारीवर टिकत नाही. शेतकरी, व्यापारी, कारकून, पंडित यांनी राजाला राजा मानावे लागते. परकी भाषा कोरणे हे प्रेमाचे प्रमाणपत्र नव्हे, तसे ढोंगही नव्हे. ‘मी तुमचाही राजा आहे’ असा तो दावा आहे.

७/७
मध्ययुगीन राजांना आजच्या वादांतील साक्षीदार म्हणून उभे करणे सोपे असते. पण एका लेखावरून राजाला संत ठरवणे आणि एका लढाईवरून राक्षस ठरवणे, ही एकच चूक आहे. लेख वाचावा, आणि तो कोरला गेला तेव्हा गावात कोण उरले होते, हेही विचारावे.