नकाराचे दायित्व

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या सूचीत दाखल केले, त्यांपैकी तमिळनाडूतील जिंजी वगळता उरलेले अकरा आपल्याच महाराष्ट्रातले, आणि त्या वार्तेने डोंगरभटक्यांच्या वर्तुळात जो हर्ष उसळला तो सर्वथैव रास्त होता. परंतु सन्मानापाठोपाठ माणसांची रीघ येणे अपरिहार्य असते, आणि त्या रिघेला वाट दाखविणारे बव्हंशी आपणच असल्यामुळे, तिच्या बंदोबस्ताचा प्रश्न वनखात्याच्या आणि पुरातत्त्वखात्याच्या दप्तरात ढकलून देऊन आपणास नामानिराळे राहता येणार नाही. हे लेखन हौशी पर्यटकाला उद्देशून नाही, कारण तो हे मासिक वाचीत नाही. शनिवारी रात्री बस भरून माणसे पायथ्याच्या गावात उतरविणाऱ्या आणि रविवारी सायंकाळी ती सुखरूप परत नेणाऱ्या पथकनायकांना उद्देशून ते आहे.

गडाच्या निगराणीविषयीचा विचार आपल्याकडे नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांस स्मरत असेल की, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे या ताकिदीइतकीच तेथे केराची ताकीदही स्पष्ट आहे : झाडलेला केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून तीवर भाजीपाला करावा. अमात्यांचा केर जळून राख होत असे, आपला होत नाही, तेव्हा हा उपाय आज जशाचा तसा घेता येणार नाही (प्लॅस्टिक पेटवून आपण स्वच्छता केली असे समजणारे महाभाग अद्याप आढळतात, म्हणून हे सांगणे भाग पडले). पण ज्याचा केर त्यानेच तो निस्तरावा, कड्यावरून खाली लोटून दृष्टीआड करू नये, हे त्यातील तत्त्व मात्र तसूभरही जुने झालेले नाही.

गेल्या काही वर्षांत स्वच्छतामोहिमांना जोर आला आहे, पोती भरभरून कचरा खाली येतो, पोत्यांमागे उभे राहून छायाचित्रेही निघतात. त्या श्रमांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि या मोहिमांनी आपल्या मनात एक सोयीस्कर समजूत रुजविली आहे, ती अशी की, जे बिघडते ते सारे पुन्हा उचलता येते. कासच्या सड्यावर, जो २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरला, खडकावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून जाणाऱ्या तेथील सीतेच्या आसवांवर एकदा पाऊल पडले तर ते कोणत्या पोत्यात भरावयाचे? काजव्यांचे तेच. वळवाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या आसमंतात हिरड्या-बेहड्याची झाडे उजळून निघतात तो त्यांचा मीलनकाळ, ती उघडझाप हा नरमाद्यांमधील संकेत, आणि त्यात आपण विजेऱ्यांचे झोत सोडतो. शिवाय मादी अंडी घालते ती झाडाखालच्या ओलसर मातीत, म्हणजे बरोबर तेथेच, जेथे आपले पथक गोलाकार उभे राहून वाहवा करीत असते. भर पावसात वळणे टाळून सरळ उतरणाऱ्यांच्या पायांनी जी घसरण पडते तिचा पुढे ओघळ होतो, आणि घाटमाथ्याचा पाऊस काही पाहुण्यांना विचारून पडत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी संख्या आहे. बारा माणसे एकामागोमाग एका वाटेने चालतात, ऐंशी माणसे चालत नाहीत, ती पसरतात. ऐंशीजणांना चिखल टाळावयाचा असतो, म्हणून वाट दुप्पट रुंद होते. नायक कितीही कळकळीचा असो, शेपटाकडचा माणूस काय करतो हे त्यास दिसत नाही. मग बसची सर्व आसने भरल्यावाचून खर्च निघत नाही, ही सबब पुढे येते, आणि ती खोटी नाही. मात्र ती हिशेबाची सबब आहे, डोंगराची नव्हे. लहान गाडी करावी, वर्गणी वाढवावी, अथवा तो बेत रहित करावा. यादी पुरी झाल्यावर येणाऱ्या माणसाला, तो स्नेह्याचा स्नेही असला तरी, नाही म्हणणे हे नायकाचे पहिले काम होय आणि ते काम त्याच्या वतीने कोणताही सरकारी हुकूम करू शकत नाही.

एका विषयाचा उच्चार सभ्य मंडळी टाळतात, म्हणून तो येथे करतो. गडावरील खोदीव टाक्यांतले पाणी पुढल्या पावसापर्यंत पुरवावयाचे असते. त्यावर गुराखी आणि रानची जनावरे अवलंबून असतात, आणि आपणही तेच पितो. अशा टाक्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून शौचास बसावे व तो बुजवावा, हे नायकाने निघण्यापूर्वी, लाज न बाळगता, सर्वांस सांगितले पाहिजे. आणि जेथे कातळच कातळ आहे, खड्डा होणेच अशक्य, तेथे ते बंद पिशवीतून परत आणण्याची तयारी हवी. किळस वाटते, हे खरे. परंतु राजगडासारख्या गडावर मुक्कामाला शंभर माणसे नेऊन हा प्रश्न दैवावर सोडणे, यात अधिक किळसवाणे काय आहे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पुढील अंकापासून पदभ्रमणाची जी निवेदने व जाहिराती आमच्याकडे येतील, त्यांत पथकाची कमाल संख्या, नायकांची संख्या आणि शौचाची व कचऱ्याची व्यवस्था यांचा उल्लेख नसल्यास ती परत पाठविण्यात येतील, आणि फारशा परिचित नसलेल्या वाटांची तपशीलवार वर्णने यापुढे छापली जाणार नाहीत. यामुळे जाहिरातींचे उत्पन्न घटेल, ते आम्ही गृहीत धरले आहे. काही लेखक रुष्ट होतील. त्यांची पत्रे, सौम्य असोत वा तिखट, आम्ही छापू.