पुठ्ठ्याच्या यानाला हसणारे

जुन्या विज्ञान-मालिकांचा विषय निघाला की आम्हा साहित्याच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटते. त्यात थोडी माया असते, बरीचशी क्षमा असते आणि तळाशी तुच्छता असते. मूळ 'स्टार ट्रेक'मधले पोकळ खडक, 'स्पेस सिटी सिग्मा'मधला झकाकू, १९८९च्या 'इंद्रधनुष'मधल्या मुलांनी घरी जुळवलेला संगणक, १९९८चा मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' अशी नावे घेतली जातात, दोन नकला होतात, आणि मग गंभीर विषयाकडे वळायचे म्हणून कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवतो. त्या मालिकेच्या एखाद्या भागात काय घडले, कसे घडले आणि तसेच का घडले याबद्दल कुणी एक वाक्यही बोललेले नसते. हे हसू मला आता सोसवत नाही.

कुणी म्हणेल, थर्माकोलला थर्माकोल म्हणायचे नाही काय? खुशाल म्हणावे. पण म्हणणारा कोण आहे हेही पाहावे. याच विभागांत तमाशावर आणि दशावतारावर प्रबंध लिहिले जातात. वगात राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या नगरीत पोहोचतो. दशावतारात एक बाकडे इंद्राचे सिंहासन होते आणि पुढच्याच क्षणी रानातला धोंडा होते. त्याला आम्ही 'संकेत' म्हणतो, 'प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला केलेले आवाहन' म्हणतो, आणि वास्तववादी नेपथ्यापेक्षा ते श्रेष्ठ कसे हे विद्यार्थ्यांना पटवून देतो. संगीत नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यावरचे पान हलत नाही अशी तक्रार आजवर एकाही समीक्षकाने केलेली नाही. मग हा सगळा उदार सौंदर्यविचार आकाशयानाच्या दाराशी येऊन का अडखळतो?

'स्टार ट्रेक'मध्ये माणसे एका चौथऱ्यावर उभी राहतात, चमचमत विरघळतात आणि ग्रहावर प्रकट होतात. ही कल्पना विज्ञानाच्या कुठल्या भविष्यवेधातून आलेली नाही. दर आठवड्याला परग्रहावर यान उतरवून दाखवणे खर्चात बसत नव्हते, म्हणून ती युक्ती काढली गेली. म्हणजे ती सरळसरळ वगातली फेरीच आहे! साधनांच्या दारिद्र्यातून एक संकेत जन्मला, प्रेक्षकाने तो स्वीकारला आणि पुढे त्याच संकेतावर नव्या कथा उभ्या राहिल्या. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला याहून सुंदर उदाहरण कुठे मिळणार होते? पण ते त्याने पाहिलेच नाही, कारण तो खडकांना हसत होता. (आणि हेही विसरू नये की ज्या काळात दूरदर्शनने रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखवले, त्याच दशकाच्या उत्तरार्धात दोन बाण हवेत एकमेकांवर आपटताना पाहून याच देशाने दूरचित्रवाणी संचाला हार घातले होते.)

एक भाग घेऊन बोलू. हवेतले बोलणे पुरे झाले.

१९६७ साली प्रथम प्रक्षेपित झालेला 'द डेव्हिल इन द डार्क' हा 'स्टार ट्रेक'चा भाग. एका ग्रहावर खाणकाम चालले आहे आणि कुणीतरी अज्ञात प्राणी बोगद्यांत खाणकामगारांना जाळून मारतो आहे. कॅप्टन कर्क आणि स्पॉक तपासाला येतात. प्राणी दिसतो तेव्हा तो गोधडीखाली माणूस लपून सरपटावा तसा दिसतो, आणि खरोखरच रबराच्या आवरणाखाली एक माणूस सरपटतो आहे. इथे प्रेक्षक हसतो. इथवर पाहिलेला चाहताही हसतो आणि प्राध्यापकही. फरक पुढे पडतो. प्राध्यापक हसून उठतो, चाहता हसून बसून राहतो.

बसून राहिलेल्याला कळते ते असे. खाणीत जागोजागी सापडणारे, शोभेचे म्हणून कुणी टेबलावर ठेवलेले, वाटेत आले म्हणून फोडून टाकलेले ते गुळगुळीत गोल दगड त्या प्राण्याची अंडी आहेत. ती आई आहे, आपल्या वंशातली एकटी उरलेली. राक्षस कोण, हा प्रश्न शीर्षकासकट उलटा होतो. ज्याने तिच्या रूपावरून तिला हसण्यावारी नेले तो प्रेक्षक आणि ज्यांनी तिच्या रूपावरून तिला राक्षस ठरवले ते खाणकामगार, दोघेही एकाच जागी उभे असतात. निर्मात्यांनी हे ठरवून केले असेल असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना बहुधा एवढेच रबर परवडत होते. पण कलाकृती लेखकाच्या हेतूपेक्षा मोठी असते हे आम्हीच वर्गात शिकवतो ना?

याच भागात आणखी दोन जागा आहेत. आरंभी कर्क प्राण्याला ठार मारायला सांगतो आणि स्पॉक त्याला जिवंत पकडण्याच्या बाजूचा असतो. पुढे कर्क त्या प्राण्यासमोर एकटा सापडतो तेव्हा तोच स्पॉक, तर्काचा तो पुतळा, मारून टाका म्हणून विनवतो आणि कर्क थांबतो. आपले माणूस संकटात आले की तत्त्वाचे काय होते, हे एका अदलाबदलीत दाखवले आहे, त्यावर भाषण नाही. दुसरी जागा भाषेची. तो प्राणी खडकावर तीन शब्द कोरतो. व्याकरण मोडके आहे, त्यामुळे 'मला मारू नका' अशी ती विनवणी आहे की 'मी मारणार नाही' असे अभय आहे हे ठरवता येत नाही, आणि पात्रे स्वतःच या संदिग्धतेपाशी थबकतात. ध्वनीविषयी तास घेणाऱ्यांनी हे उदाहरण का घेऊ नये?

आता त्या भागाचा दोषही सांगतो, नाहीतर ही निव्वळ भक्ती ठरेल. शेवटी तडजोड होते: तिची पिल्ले बोगदे खोदतील आणि माणसे त्यांतले खनिज गोळा करतील. सगळे खूश. पण ही मैत्री नफ्याच्या पायावर उभी आहे. पिल्लांना खोदता आले नसते तर? एका विद्यार्थ्याने भाग संपताक्षणी विचारले, "सर, म्हणजे ती उपयोगाची निघाली म्हणून वाचली का?" हा एका ओळीचा सहज उद्गार आहे. त्यात कुठला सिद्धान्त नाही, कुणाचा आधार नाही. आणि वसाहतवादावरच्या कित्येक जडजंबाल निबंधांपेक्षा तो मर्माच्या जवळ आहे.

चाहत्यांच्या अशा सहज उद्गारांची बाजू घेण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. 'स्पेस सीड' या १९६७च्याच भागात खान नूनियन सिंग नावाचा एक संकरित महामानव येतो, विसाव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वीच्या मोठ्या भागावर राज्य केलेला. यानावरची इतिहासतज्ज्ञ बाई त्याच्याकडे पाहून तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज बांधते. भूमिका केली आहे रिकार्दो मोंतालबान या मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने. भारतीय प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया काय असते? "हा कसला सरदार?" तो हसतो, पण या हसण्यात ज्ञान आहे. नाव खान, आडनाव सिंग, पगडी नाही, नट मेक्सिकन: पश्चिमेच्या कल्पनेतल्या भविष्यात आपल्याला जागा मिळाली ती अशी, गाळीव आणि सरमिसळ. पुढे २०१३च्या चित्रपटात हाच खान बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाने केला, तेव्हा ती सरमिसळही उरली नाही. 'हा कसला सरदार' हा प्रश्न विचारणाऱ्याला एडवर्ड सैद माहीत नसेल. माहीत असणाऱ्यांनी मात्र तो प्रश्न विचारला नाही, कारण त्यांनी तो भाग पाहिला नव्हता.

हसणाऱ्यांचा एक सख्खा भाऊ आमच्याकडे आहे आणि तो अधिक प्रतिष्ठित आहे. तो हसत नाही, तपासतो. कथेतले विज्ञान बरोबर आहे का, प्रकाशाचा वेग ओलांडला तर नाही ना, लेखकाने वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवला की नाही. अभ्यासक्रमात विज्ञानसाहित्याला जे काही स्थान मिळाले आहे ते याच्याच शिफारशीने. प्रश्नपत्रिकेत 'विज्ञानसाहित्याची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा' येते आणि उत्तरपत्रिकेत 'प्रबोधन' येते. नीट पाहिले तर थर्माकोलला हसणारा आणि समीकरण तपासणारा एकच गुन्हा करतात. दोघेही माल तपासतात. एक म्हणतो लाकूड खोटे आहे, दुसरा म्हणतो भौतिकी खरी आहे. गोष्ट दोघांनीही वाचलेली नसते.

याची किंमत कुणी मोजली? जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, तीही मंगलाताईंच्या अक्षरात, म्हणजे नावाचा किंवा हस्ताक्षराचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये. कथा म्हणून कथेचा निवाडा व्हावा ही इतकी साधी, इतकी सभ्य इच्छा! कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आम्ही त्यांना 'यक्षांची देणगी'चे लेखक म्हणून गौरवले, २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा विज्ञानप्रसारक म्हणून त्यांना निरोप दिला. टोपणनावाने त्यांनी जे मागितले होते ते मात्र आम्ही फारसे दिले नाही. त्यांच्या कथेशी कडकडून भांडलेला मराठी समीक्षक शोधावा लागतो. आदर हा न वाचण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि त्यात आम्ही पुणेकर वाकबगार.

'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. डावे-उजवे आरशातल्यासारखे उलटण्याची कल्पना तिच्या मुळाशी आहे, आणि वर्गात त्या कल्पनेची आकृती फळ्यावर काढून तास संपतो. पण ती कथा मराठी वाचकाच्या अंगावर येते ती त्या आकृतीमुळे काय? ज्या घरात उजव्या सोंडेचा गणपती कडक मानला जातो, त्याचे सोवळेओवळे जमणार नाही म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला माणसे कचरतात, त्या घरातल्या वाचकाला सोंड कुठल्या बाजूला आहे हा तपशील आधीच अस्वस्थ करतो. भीतीचे हे भांडवल लेखकाने आयतेच वापरले आहे. ते योग्य होते का, श्रद्धेवर उभारलेला थरार वैज्ञानिक दृष्टिकोनाला पूरक ठरतो की त्याला आतून पोखरतो, हा खरा भांडणाचा विषय. गणिताच्या आकृतीत तो हरवतो.

भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय सांगितला. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सर्व काही असते, विस्मय सोडून. 'लेखकाने प्रभावी चित्रण केले आहे' हे वाक्य लिहिणाऱ्याला त्या चित्रणाने काहीही झालेले नसते. उलट एखाद्या भागाविषयी "निम्मा भाग भंकस, पण शेवटी झोप उडाली" असे म्हणणारा निदान स्वतःला काय झाले ते सांगतो. सहृदय या शब्दाचा अर्थ आम्ही तोंडपाठ केला आहे, तो माणूस मात्र आमच्या खोलीत क्वचित सापडतो.

चाहत्यांनी नुसते उद्गार काढले असेही नाही. 'स्टार ट्रेक' बंद पडणार असे दिसताच १९६७-६८च्या सुमारास प्रेक्षकांनी पत्रांचा मारा केला आणि तिसरा हंगाम निघाला. १९६९ला ७९ भागांनंतर मालिका थांबली खरी, पण ती जगली पुनःप्रक्षेपणांत, याच प्रेक्षकांच्या जिवावर. बीबीसीने 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले भाग पुसले किंवा टाकून दिले. त्यांतले नव्वदहून अधिक भाग दृश्यरूपात अजून हरवलेले आहेत, पण त्या सगळ्यांचा आवाज उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून ते टिपून घेतले होते. संस्थेने फेकले, रसिकाने राखले. आमच्या दूरदर्शनच्या विज्ञान-मालिकांची साधी भागवार सूचीही मला माझ्या माहितीतल्या एकाही मराठी विभागाच्या ग्रंथालयात मिळालेली नाही.

चाहत्यांचेही एक सोंग उघडे केले पाहिजे. 'आमच्या लहानपणीचे रविवार' हा उसासा म्हणजे प्रतिक्रिया नव्हे. त्यात मालिका नसते, स्वतःचे बालपण असते, सोबत आईच्या हातचे पोहे असतात. 'इंद्रधनुष'विषयी हळवे होणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले, की १९९१च्या आधी, संगणक ही सरकारी कचेरीतली आणि मोठ्या कंपनीतली वस्तू असताना, मध्यमवर्गीय मुलांनी तो घरी बनवण्याचे स्वप्न दूरदर्शनवर का दिसले? पुढच्या दशकात ती मुले सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली, काही हिंजवडीला पोहोचली. स्वप्न आधी आले की नोकरी? यावर एक चांगला निबंध होऊ शकतो. तो उसाशातून लिहून होणार नाही.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक तास. तो खाणीतल्या आईचा भाग पन्नास मिनिटे दाखवावा आणि उरलेल्या वेळात दहा ओळी लिहून घ्याव्यात. 'प्रभावी', 'वास्तव' आणि 'प्रबोधन' हे तीन शब्द वर्ज्य. गुण नाहीत.

यावर अभ्यास मंडळात काय म्हटले जाईल ते मला ठाऊक आहे: हे मराठी साहित्य नव्हे, आणि आठवड्याला एक तुकडा अशा हप्त्याने येणाऱ्या करमणुकीला वाङ्मयाच्या वर्गात स्थान नाही. मंडळाच्या माननीय सदस्यांनी 'केरळ कोकिळ'चे १९००च्या सुमाराचे अंक काढून पाहावेत. ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली ती कृष्णाजी नारायण आठल्यांच्या त्या मासिकातून. परक्या भाषेतून आली, आणि हप्त्याहप्त्यानेच आली.