लाल चांदणीखालची संमती

माणसांवर संशोधन करायचं तर एथिक्स कमिटीचा शिक्का लागतो. संमतिपत्राचा नमुना, प्रश्नावलीचा मसुदा, गाईडची सही असं सगळं जोडून फाईल जाते. कमिटी बसते, चहा होतो, 'मान्य' असा शेरा पडतो. मग तीच प्रश्नावली माझ्या टेबलावर येते. "भाऊ, एवढं ऑनलाइन करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे." त्या दहा मिनिटांत कमिटीने मान्य केलेलं निम्म्याहून अधिक रद्द होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कमिटी कागद पाहते. सेटिंगचं पान तिच्यापुढे कधी जातच नाही.

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी सिस्टीम सांभाळतो. पदाचं नाव मोठं आहे, काम बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्याचं. पण माणसांची उत्तरं गोळा करणारं सॉफ्टवेअरही मीच बसवतो, त्यामुळे कोणाची संमती कुठे गळते हे मला बसल्या जागी दिसतं.

आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. सहभागी माणूस केव्हाही माघार घेऊ शकतो; लिहिता-वाचता येत नसेल तर संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. आमच्या पीएचडीवाल्यांनी हे प्रबंधात सुवाच्य उतरवलेलं असतं. फॉर्मवर मात्र प्रत्येक प्रश्नापुढे लाल चांदणी. उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. घरात दारू कोण पितं? चांदणी. नवरा हात उगारतो का? चांदणी. कर्ज किती, सावकाराचं किती? चांदणी, चांदणी. 'सांगायचं नाही' असा एक पर्याय ठेवा म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: "मग सगळे तोच निवडतील ना!" म्हणजे लोकांना सांगायचं नाही हे यांना पक्कं ठाऊक आहे, आणि तरी सांगायला लावायचं आहे. संमतीचा चौकोन तर आधीच टिक करून मागतात. तेवढाच एक क्लिक वाचतो म्हणे.

त्यात पुन्हा गोपनीयता. सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा विषय घ्या. केंद्राने २०२३च्या जुलैत राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि आमच्याकडे या विषयाला भाव आला. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल ही नावं शीर्षकात घातली की प्रस्ताव जड दिसतो. नाव विचारलं नाही म्हणजे ओळख लपली, अशी या मंडळींची ठाम समजूत. पाड्याचं नाव, वय, शिक्षण, मुलं किती, तपासणीचा निकाल हे रकाने एका ओळीत मांडा आणि सातपुड्यातल्या वीस-तीस घरांच्या पाड्यावरच्या कुणालाही दाखवा. तो बोट ठेवून सांगेल ही कोण ते. आणि ही शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी. ती लिंक गाईडच्या ग्रुपवर, ग्रुपमधून मागच्या बॅचच्या ग्रुपवर. त्या निकालाच्या रकान्यामुळे एखाद्या पावरा किंवा तडवी मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, तर ते कुठल्या प्रकरणात छापणार?

कायद्याचं बोला, तर तोही यांना पाठ असतो, अर्धा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, हे बोट नाचवत सांगतात. ती सूट ठरवून दिलेली मानकं पाळणाऱ्याला आहे, आणि त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच आहे, हे पुढचं वाक्य वाचायला कुणी थांबत नाही. दुसऱ्याची चूक मात्र पूर्ण पाठ असते: फेसबुकने २०१२मध्ये ६,८९,००३ लोकांना न सांगता त्यांच्या फीडमधला आनंद-दुःखाचा मजकूर कमी-जास्त करून पाहिला. दोन वर्षांनी शोधनिबंध आला तेव्हा जगभर ओरड झाली. आमच्या सेमिनारात त्यावर स्लाइड असते. स्लाइड दाखवणाऱ्याच्या लॅपटॉपवर दोनशे विद्यार्थिनींचे मोबाइल नंबर आणि नैराश्याचे गुण एकाच फाइलमध्ये पडलेले असतात.

आता प्रयोगांकडे येतो, कारण तिथलं अज्ञान जास्त विद्वान आहे. स्ट्रूपची १९३५ची चाचणी मानसशास्त्राच्या प्रत्येक विभागात होते. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, शाईचा रंग सांगा. मोजायचा असतो तो फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा. साध्या मॉनिटरवर चित्र बदलायलाच सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. त्यावर कीबोर्डचा विलंब, मागे चालू असलेला अँटीव्हायरस, ब्राउझरच्या उघड्या खिडक्या. हे सगळं आधी तपासायचं असतं, सगळ्यांना एकाच जातीच्या मशीनवर बसवायचं असतं. आता समजा, शहरातली मुलं लॅबमधल्या संगणकावर बसवली आणि पारोळा-एरंडोलकडच्या मुलांना लिंक पाठवून त्यांच्या तडे गेलेल्या मोबाइलवर तीच चाचणी घेतली. निष्कर्ष तयार: ग्रामीण विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मंद. मंद होता तो हँडसेट. पण कोष्टकात पोरं मंद ठरली आणि ती पुढच्या माणसाच्या संदर्भसूचीत मंदच राहतील.

गट पाडण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. पहिले आलेले तीस 'अ' गटात, नंतरचे 'ब' गटात. याला 'यादृच्छिक' म्हणतात. सकाळी लवकर येतात कोण? एसटीने येणाऱ्या मुली, ज्यांना परतीची गाडी चुकवायची नसते. 'ब' गटात उरतात गावातलेच, आरामात उठून येणारे. मग दोन गटांत जो फरक निघतो तो उपचाराचा की एसटीच्या वेळापत्रकाचा? चिठ्ठ्या टाकायचं काम ओट्रीसारखं सॉफ्टवेअर स्वतः करतं, तुम्हाला फक्त त्याला करू द्यायचं असतं. आणि पैशाची सबब मला सांगू नका. ओट्री फुकट, नॉटिंगहॅमच्या जोनाथन पियर्सने सुरू केलेलं, असल्या चाचण्या घेणारं सायकोपाय फुकट, मोबाइलवर फॉर्म भरून घेणाऱ्या ओडीकेचं मूळ सॉफ्टवेअर फुकट.

ओडीके आणि त्याच्यासारख्याच कोबोवर तर मी जीव टाकतो. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फॉर्म भरा, फोनमध्ये राहतो, रेंज मिळाली की वर जातो. शिवाय कधी सुरू केला, कधी संपवला, कुठे उभं राहून भरला हे लिहून ठेवता येतं. नेमकं हेच खुपतं. पाड्यावरच्या मुलाखती म्हणून आलेले फॉर्म एका दुपारी, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, हायवेवरच्या एकाच ठिकाणाहून भरलेले दिसतात. मी ते दाखवलं की समोरचा संशोधक शांतपणे विचारतो, "तो वेळेचा कॉलम काढता येतो का?"

येतो. मी काढत नाही, म्हणून मला 'असहकार्य करणारा' म्हणतात.

सरकारी कामाला नावं ठेवणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे पाहावं. २०१५-१६च्या चौथ्या फेरीपासून तिथे प्रगणक कागदाऐवजी संगणकावर उत्तरं नोंदवतात, आधी प्रशिक्षण घेतात, न जुळणारी उत्तरं तिथल्या तिथे तपासली जातात. आणि संगणकच हवा असंही नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग ३९ गावांत केला, तुलनेला ४७ गावं ठेवली आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. गावातल्याच बायका काम करत होत्या. नव्वदच्या दशकातल्या त्या गावांत कोणता सर्व्हर असणार? नोंद करायची शिस्त होती.

आमच्या प्रस्तावांत खर्चाचे मथळे वाचा. प्रवास, टंकलेखन, छपाई, बाइंडिंग. सर्व्हर शून्य, बॅकअप शून्य, सांभाळणारा माणूस शून्य. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावला शोभेलशी सोनेरी अक्षरं प्रबंधाच्या पाठीवर हवीतच, पण आतला डेटा पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह कुणाच्या तरी दुचाकीच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात. सहभागी क्रमांक ००७ एक्सेलने केव्हाच ७ करून टाकलेला. मराठी उत्तरांच्या जागी आगापिछा नसलेली चिन्हं. जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करायचं, म्हणून २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. आमच्याकडे नाव बदलायची वेळ येत नाही, कारण फाइल पुन्हा कुणी उघडतच नाही.

म्हणून मी आता एका पानाचा फॉर्म ठेवलाय. पासवर्ड कोणाकडे राहणार, नाव-नंबर उत्तरांपासून वेगळे कुठे ठेवणार, कुठले प्रश्न वगळता येतील, आणि सगळं कायमचं पुसणार कोणत्या तारखेला. हा भरल्याशिवाय मी लिंक देत नाही. बरेच जण तो घेऊन जातात आणि मग बाजारातल्या 'डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल'वाल्याकडून काम करवून घेतात. परवा एक सर सही करून घेऊन आले, पुसण्याची तारीख कोरी. "ती नंतर टाकली तर चालेल ना?"

नाही चालणार, सर. कमिटीकडे जाताना हे पानही घेऊन जा, आणि तिथे मोठ्याने वाचून दाखवा.